सांगायचं तिचं होतं

ती गेल्याचं मला तिच्या मुलाने कळवलं नाही, सुनेनेही नाही. सोसायटीच्या ग्रुपवर कळलं, आणि तेही फोटोसकट. सकाळी चहाचं आधण ठेवलं होतं. फोन वाजला म्हणून उघडला, तर समोर तिचं तोंड. नाकात कापूस, हनुवटीखालून डोक्यावर बांधलेली पट्टी. खाली जोडलेल्या हातांची रांग. कुणीतरी फुलांचा हार चिकटवला होता, तो नेमका तिच्या डोळ्यांवर आला होता. जेवताना जिने कधी कुणाला तोंड बघू दिलं नाही, तिचं मेलेलं तोंड सगळ्या सोसायटीने दात घासायच्या आधी बघून घेतलं. मला रडू आलं नाही. चहा मोरीत ओतला आणि चप्पल घालून समोरच्या बिल्डिंगीत गेले.

त्याला आता सात आठवडे झाले. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. शुद्धलेखन माझ्या नातीने बघितलंय, वाक्यं माझी आहेत. ज्या वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी हे लिहिते, तिथल्या बाईंनी फोनवर सांगितलं, आजी, त्यांचं पूर्ण नाव लिहा आणि एक हसरा फोटो पाठवा. नाव लिहिणार नाही. फोटो पाठवणार नाही. तिच्याबद्दल जे आधीच चव्हाट्यावर आलं, तेवढंच इथे आहे. तेही का लिहिते, तर ते कसं चव्हाट्यावर आलं, ते लोकांना कळावं म्हणून. ती लातूरकडची, मी इथलीच, चाकणजवळच्या कुरुळीची. ती मला गाववाली म्हणायची, मी तिला लातूरवाली. इथेही तेच नाव चालेल.

आमची ओळख तळवड्याची. तिथे रबराच्या रिंगा करणारं एक छोटं युनिट होतं, आता नाही. बारा-तेरा बायका एका लांब टेबलाशी बसून रिंगांची जास्तीची कड कापायचो आणि खराब माल वेगळा टाकायचो. चीर डोळ्यांना दिसते, पण रबराच्या आतला बुडबुडा दिसत नाही, तो बोटांनी शोधावा लागतो. रिंग दोन बोटांत फिरवायची, कुठे मऊ लागली की रिजेक्टच्या पेटीत. लातूरवालीची बोटं सगळ्यात तेज. आमच्यावर एक सुपरवायझर होता, तो कोण मुतारीला किती वेळ गेली ते वहीत लिहायचा. आम्ही सगळ्या माना खाली घालून ऐकून घ्यायचो. ही नवीन आली आणि तिसऱ्या दिवशी उभी राहिली. म्हणाली, "साहेब, माझं लिवा. पण शेजारच्या रकान्यात तुमचं बी लिवा. बिडीला किती, चहाला किती, अन् आरशात भांग पाडायला किती." टेबलाशी बसलेल्या बायका पदरात तोंड घालून हसायला लागल्या. तो म्हणाला, "बाई, जीभ आवर." ही म्हणाली, "मी जीभ आवरते, तुमी वही आवरा." वही टेबलावरून गेली. कुठल्यातरी कोपऱ्यात बसून तो लिहीत असेल, पण आमच्या तोंडासमोर लिहायची त्याची छाती झाली नाही.

पुढे वहीच्या जागी कॅमेरे आले. बसवायला आलेल्या वायरमनला लातूरवालीनेच विचारलं, "भाऊ, ह्याला ऐकू येतंय का?" तो हसला. "नाही मावशी, ह्याला नुसते डोळे आहेत, कान नाहीत." हे वाक्य आम्ही पाठ केलं. कॅमेऱ्याकडे पाठ करायची, हात चालू ठेवायचे, ओठ पदराआड, मग काय वाटेल ते बोलायचं. सासवा, नवरे, अंगावरून जाणं, पोरींची लग्नं, सगळं त्या कॅमेऱ्याखाली बोललो आणि काही झालं नाही. डोळा झाकला की झालं, हे आमच्या इतकं अंगात मुरलं की म्हातारपणीही त्याच शहाणपणावर विसंबलो. आमची चूक झाली ती एवढीच.

झाकण्याचं तिचं आणखीही एक होतं. तिच्या घरी लाकडी देव्हारा आणि त्याच्यापुढे हिरव्या खणाचा पडदा. नैवेद्य दाखवला की पडदा ओढायची आणि खोलीतल्या सगळ्यांना बाहेर काढायची. मी एकदा चिडवलं, "देव काय लाजतोय व्हय गं?" तर म्हणाली, "लाजत न्हाई. पण तू जेवायलीस अन् कुणी टक लावून बसलंय, तर घास उतरंल का तुला?" ती स्वतःही भिंतीकडे तोंड करून जेवायची. कंपनीत डबा खातानासुद्धा. आम्ही हसायचो, तिने कधी मनावर घेतलं नाही.

तिचा नवरा लवकर गेला. मुलाला तिने शिकवलं. तो चाकणला गाड्यांचे पार्ट करणाऱ्या कंपनीत क्वालिटीत आहे, सून तळवड्यातच, आमचं युनिट होतं त्याच्या पलीकडच्या काचेच्या इमारतीत. संत तुकाराम नगरमध्ये माझ्या समोरच्या बिल्डिंगीत त्यांनी घर घेतलं, तेव्हा आम्हा दोघींना वाटलं, आता सुखाने म्हाताऱ्या होऊ. मागच्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर ती बाथरूममध्ये पडली, मनगट मोडलं. दिवसभर घरात एकटी. मुलाने तिच्या खोलीत कपाटावर एक कॅमेरा आणून बसवला. पांढरा, बेलफळाएवढा, मान फिरवणारा. का? काळजीपोटी. हा शब्द आता मला ऐकवत नाही. पूर्वी काळजी वाटली की माणूस येऊन शेजारी बसायचं. आता काळजी वाटली की एक डोळा आणून खिळ्याला टांगतात आणि स्वतः निघून जातात.

पहिल्याच दिवशी तिने मला बोलावून दाखवलं. "गाववाले, हे टकुरं बघ, माझ्या मागं मागं फिरायलंय. मी खिडकीत गेले की खिडकीत, कॉटवर बसले की कॉटवर. मी लुगडं कुठं बदलू?" मोडक्या हाताने ती ओल्या बाथरूममध्ये जाऊन लुगडं बदलायची. ज्या बाथरूममध्ये पडली म्हणून कॅमेरा आणला, तिथेच कॅमेऱ्यापायी दिवसातून दोनदा जायची. कुणाला सांगायचं हे? मग एका रविवारी मुलगा जेवता जेवता हसत म्हणाला, आई, काल कँटीनमध्ये सगळ्यांना दाखवलं, तू दुपारी तोंड उघडं टाकून कशी घोरत होतीस! त्याला ते प्रेमच वाटलं असणार, मी खोटं कशाला बोलू? पण पाच-सहा परके पुरुष वडापाव खात एका झोपलेल्या म्हातारीकडे बघतायत… मला हे सांगताना तिने तोंड भिंतीकडे केलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने देव्हाऱ्याचा खणाचा पडदा काढला आणि काठीने कॅमेऱ्यावर टाकला. देवांना जुन्या टॉवेलचा तुकडा दिला.

पाच मिनिटांत फोन. मी तिथेच होते. कमी ऐकू येतं म्हणून ती फोन मोठ्या आवाजात लावायची.

"आई, कॅमेऱ्यावर काय टाकलंस? काही दिसत नाहीये."

"देव जेवायलेत."

"कॅमेऱ्यात कसले देव, आई?"

"वरून समदं बघतो, काळजी घेतो म्हणलास की तूच. मग देवच न्हवं का? त्याला बी पडदा."

मुलगा हसला. भांडण नको म्हणून ठरलं, दुपारी एक ते चार पडदा, बाकी वेळ उघडं. रोज एकला मी जायची. ती पडदा टाकायची आणि आम्ही दोघी कॉटवर पाय पसरून बसायचो. दिवसातले तेवढे तीन तास तिचे होते, निदान आम्हाला तसं वाटत होतं.

त्या तीन तासांतच एकदा तिने माझा हात धरला आणि पोलक्यात नेला. म्हणाली, "बोटानं बघ. पास का रिजेक्ट?" मी दोन बोटांत धरून बघितलं. एवढी वर्षं केलेलं काम, बोटं विसरत नाहीत. गाठ कडक होती, हलत नव्हती. मी म्हटलं, "रिजेक्ट." ती म्हणाली, "मला बी तसंच वाटलं." रिक्षाने मी तिला डॉक्टरकडे नेलं, तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाला, पसरलंय, पण औषधोपचार करून बघता येतील, फार लांबवू नका. घरी येऊन रिक्षातून उतरल्यावर ती म्हणाली, "नातीचे दहावीचे पेपर हायत. ते होऊ देत. शेवटचा पेपर झाला की धपाटे करते, समद्यांना बसवते अन् सांगते. माझ्या तोंडानं. तोवर तुझ्याबिगर कुणाला न्हाई." मी शपथ घेतली नाही. आम्हाला त्याची गरज नव्हती. रोज दुपारी ती मला म्हणून दाखवायची, मुलाला काय म्हणायचं, सुनेला काय, नातीला कसं सांगायचं म्हणजे ती घाबरणार नाही. शब्द बदलायची, पुन्हा जुळवायची. मरण ही काही तिच्या हातातली गोष्ट नव्हती, पण त्याची बातमी कुणाला, कधी आणि कुठल्या शब्दांत द्यायची, एवढं तरी हातात आहे असं तिला वाटत होतं.

माझा आवाज मोठा आहे. कंपनीतल्या प्रेस मशीनच्या दणदणाटात बोलून बोलून तो तसा झाला. त्या दुपारी पडदा टाकला होता, मी कॅमेऱ्याकडे पाठ करून बसले होते आणि विचारलं, "गाठीतनं पाणी अजून येतंय का गं? डॉक्टर म्हणाला व्हता न्हवं, लांबवू नका म्हणून? आणि तू पोरीचे पेपर मोजत बसलीयास." ती म्हणाली, "दोनच ऱ्हायलेत की आता. इतिहास अन् भूगोल."

तासाभरात कुलूप उघडायचा आवाज आला. मुलगा कंपनीच्या कपड्यात, गळ्यात ओळखपत्र, पायातले बूट तसेच घेऊन आत.

"आई, कसली गाठ?"

ती माझ्याकडे बघायला लागली. मी मान हलवली, मी नाही सांगितलं.

"तुला कुणी सांगितलं?" तिने विचारलं.

"कुणी कशाला सांगायला पाहिजे? तुम्हीच बोलत होतात. पडदा काढलास का बघायला उघडलं, तर…"

"पडदा होता की वर."

"आई, पडद्यानं आवाज थांबतो का? त्यात माईक असतो." आणि मग जरा खालच्या आवाजात, "मला वाटलं, तुला माहीत आहे."

तिने दोन्ही हातांनी पदर छातीवर घट्ट ओढून घेतला. अंगावर लुगडं नीट असताना. कपाटावरच्या त्या हिरव्या कापडाकडे बघत राहिली. मुलगा रडत होता, पायाशी बसून, आई, का लपवलंस म्हणत होता. त्याचं दुःख खरं होतं. मला मात्र तेव्हा त्याच्या पाठीत लाथ घालावीशी वाटली, आणि त्याहून जास्त माझ्या स्वतःच्या घशाला काहीतरी करावंसं वाटलं.

संध्याकाळपर्यंत तिचे रिपोर्ट घरच्यांच्या ग्रुपवर गेले होते. सल्ल्यासाठी! त्या ग्रुपात लातूरपासून सुरतेपर्यंतचे पाहुणे, त्यांचे जावई, जावयांचे भाऊ. एकाने गोमूत्र सांगितलं, एकाने हळदीचा काढा, एका बाईने विचारलं, कुठल्या बाजूला आहे? बाजू! माझ्या मैत्रिणीची कुठली बाजू हे सुरतेच्या बाईला कशाला हवं होतं? चार दिवसांत तिच्या फोनवर अनोळखी माणसं फोन करायला लागली. मॅडम, आमच्याकडे पॅकेज आहे, मॅडम, पेशंट तुम्हीच का. फोन उघडला की केसांच्या टोपांच्या जाहिराती. तिचे केस अजून डोक्यावर होते, आणि बाजाराला आधीच कळलं होतं की ते जाणार. कुणी सांगितलं, लॅबने, फोनने की ग्रुपमधल्या कुणी, ते आजपर्यंत कळलं नाही. विचारायचं कुणाला, तेही कळत नाही. आणि ज्या पोरीसाठी एवढं झाकलं होतं, तिने आजीचे रिपोर्ट इतिहासाच्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी स्वतःच्या फोनवर वाचले.

लातूरवालीने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. मी आपणहून म्हटलं, माझ्या तोंडानं घात केला. ती म्हणाली, "तुझं तोंड पहिल्यापासनं तसलंच हाय, त्याला काय नवं?" मग म्हणाली, "मरायचं काय गं, मरायचंच हाय. पण सांगायचं माझं होतं."

धपाटे तिने केले नाहीत.

उपचार झाले, केस गेले, ती वाळली. कॅमेरा तसाच राहिला. मी मुलाला म्हटलं, काढ आता ते. तो म्हणाला, काकू, आता तर जास्तच गरज आहे. पडद्याबद्दल मात्र तो पुन्हा काही बोलला नाही, पडदा दिवसभर राहायला लागला. पण कान उघडा आहे हे कळल्यावर खोलीत बोलणार कसं? पहिले काही दिवस आम्ही दोघी नुसत्या बसायचो. पावसाचं, भाजीचं, असलं काहीतरी. मग एक दिवस तिने नातीच्या पहिलीतली पाटी कॉटखालून काढली. पेन्सिलीचे दोन तुकडे. स्वतः लिहिलं आणि माझ्याकडे सरकवलं. ती दुसरीपर्यंत शिकलेली, अक्षरं एवढाली मोठी, पाटीवर चार शब्द मावायचे. मी वाचायची, खाली उत्तर लिहायची, ती ओल्या फडक्याने पुसायची. तिची वेलांटी उलटी पडली की मी बोट दाखवायची, ती कपाळावर हात मारून माझ्याकडे डोळे वटारायची. सत्तरीच्या दोन बाया, एक टकली आणि एक स्वतःचाच आवाज नकोसा झालेली, पहिलीच्या वर्गात बसल्यासारख्या. काही महिने आम्ही असं बोललो. वरून ते यंत्र पेन्सिलीची खरखर ऐकत असेल. ऐकू दे.

ती जायच्या दोन दिवस आधी तिने पाटीवर काहीतरी लिहिलं, पालथी केली आणि खुणेने सांगितलं, घरी ने. मी पिशवीत घालून घरी आणली, दार लावून वाचली. तिसऱ्या दिवशी सकाळी तो फोटो.

मागच्या आठवड्यात मुलाने बोलावलं. खोली तशीच होती. कॉटवर गादी गुंडाळलेली, कपाटावर कॅमेरा, कॅमेऱ्यावर पडदा. तो फोन हातात घेऊन बसला होता, डोळे सुजलेले.

"काकू, ह्यात सगळं रेकॉर्ड आहे. पडदा टाकल्यापासूनचं. दिसत काहीच नाही, नुसतं हिरवं… पण आवाज आहे. तुम्ही दोघी दुपारच्या बोलायचात ते."

"ऐकलंस?"

"थोडंसं. मग भीती वाटली. माझ्याबद्दल काही बोलली असेल तर?"

"बोलली आसंल. आमी काय बोलायला राजकारण घेऊन बसत न्हवतो."

"तुम्हाला पाठवू? आईचा आवाज आहे, काकू."

मला तिचा आवाज हवा होता. खोटं कशाला सांगू? तो हिरवा चौकोन फोनवर होता, पंख्याने पडद्याची कड हलताना दिसत होती आणि बोट लावलं की तिचं बोलणं आलं असतं. तीन सेकंद, चार सेकंद… मी म्हटलं, "पूस."

"काकू…"

"ती तुला सांगत न्हवती, मला सांगत व्हती. पूस ते."

त्याने बोट पुढे केलं, मागे घेतलं. शेवटी फोन माझ्या हातात देऊन म्हणाला, "मला नाही होणार. तुम्ही पुसा." त्याने दाखवलं तिथे मी दाबलं. फोनने इंग्रजीत काहीतरी विचारलं. मी म्हटलं, काय म्हणतंय? म्हणाला, नक्की का, असं विचारतंय, परत मिळणार नाही. मी पुन्हा दाबलं. हिरवा चौकोन गेला.

"गेलं?"

"फोनमधून गेलं."

"म्हंजी अजून कुठं हाय?"

"कॅमेरा ज्यांचा आहे, त्यांच्याकडे साठवलेलं असतं, काकू. पुसलं की काही दिवसांनी तेही जातं म्हणतात."

"कोण म्हणतं?"

त्याने फोनकडे बोट दाखवलं. कुणी माणूस नाहीच ना म्हणणारा. एवढी वर्षं मी घाण बघितली. मोऱ्या तुंबलेल्या, कंपनीच्या मागे काळं तेल सोडलेलं. पण ती निदान दिसायची, वास यायचा. एका बाईने तिच्या मैत्रिणीला कानात सांगितलेलं कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या मशीनमध्ये पडून आहे, आणि ते कुठे, कुणाच्या हाताशी, किती दिवस, हे तिच्या पोटच्या पोरालाही माहीत नाही. ह्याला काय नाव द्यायचं ते मला चौथीत शिकवलं नव्हतं.

निघताना मी स्टुलावर चढून तो खणाचा पडदा काढून घेतला. कॅमेऱ्याचा बारका दिवा चालूच होता. मान फिरवून त्याने गुंडाळलेल्या गादीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी दार ओढून घेतलं.

घरी आले. गव्हाच्या डब्यामागून पाटी काढली. तिची एवढाली अक्षरं, एक वेलांटी उलटी, पेन्सिल मध्येच मोडल्याची खूण. काचेत बसवून घ्यावी असं मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं. माझी नात म्हणाली होती, आजी, निदान फोटो काढून ठेवू. मी खणाचा तो पडदा नळाखाली ओला केला, पिळला आणि पाटी पुसली. कडा राहतात म्हणून कडाही पुसल्या. उन्हात ठेवली. वाळल्यावर तिरकी धरून बघितली, काही उरलं नव्हतं.

नात विचारत होती, काय लिहिलं होतं गं त्यांनी? तिला सांगितलं नाही, तुम्हालाही सांगणार नाही.